भोसरीचा आवाज आणि छातीतला इशारा

हृदयाची लय जीवघेणी बिघडली तर आतल्या आत शॉक देऊन ती ताळ्यावर आणणारं एक यंत्र असतं. डॉक्टर त्याला आयसीडी म्हणतात. बहुधा डाव्या कॉलरबोनखाली, कातडीच्या आत, टायटॅनियमच्या चपट्या डबीत ते बसवलेलं असतं आणि डबीतून निघालेली वायर शिरेवाटे हृदयात उतरलेली असते. यातल्या अनेक यंत्रांना आवाज असतो. बॅटरी संपत आली, वायरमध्ये बिघाड दिसला किंवा शॉकची यंत्रणा बंद पडली तर डबी बीप-बीप करून रुग्णाला सांगते की आता दवाखाना गाठ. साध्या पेसमेकरमध्ये ही सोय सहसा नसते, आयसीडीत असते, कारण तिथे बिघाडाची किंमत जास्त आहे. हा आवाज रुग्णाला ऐकू येतो का, हा प्रश्न वैद्यकाचा वाटतो. पण भोसरीसारख्या ठिकाणी तो इतिहासाचाही आहे. या इशाऱ्याची रचना करणाऱ्यांनी शांत घर आणि शाबूत कान गृहीत धरले, आणि पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्याने गेल्या साठ वर्षांत नेमक्या याच दोन गोष्टी माणसांकडून काढून घेतल्या. म्हणून इथे जीव वाचवणारी सूचना रुग्णाच्या कानावर सोपवणं चूक आहे, असं माझं म्हणणं आहे.

आधी त्या आवाजाची कुळकथा. 1924 मध्ये वॉर्सात जन्मलेले मिशेल मिरोव्स्की इस्रायलमध्ये डॉक्टरी करत असताना 1966 मध्ये त्यांचे गुरुतुल्य वरिष्ठ हॅरी हेलर हृदयाच्या लयीच्या अशाच बिघाडाने गेले. धोका माहीत असूनही माणसाला कायमचं रुग्णालयात ठेवता येत नाही, म्हणून शॉक देणारं यंत्रच शरीरात बसवावं, ही कल्पना तिथून निघाली. पुढे बाल्टिमोरच्या सिनाई हॉस्पिटलमध्ये मॉर्टन मॉवर यांच्याबरोबर त्यांनी ती घडवली. 4 फेब्रुवारी 1980 रोजी जॉन्स हॉपकिन्समध्ये पहिल्या माणसाला हे यंत्र बसलं आणि 1985 मध्ये अमेरिकी सरकारची परवानगी मिळाली. ती सुरुवातीची यंत्रं इतकी बोजड होती की पोटात बसवावी लागत. त्यांनाही आवाज होता, पण तो रुग्णासाठी नव्हता. डॉक्टर पोटावर लोहचुंबक ठेवत. यंत्र चालू असेल तर हृदयाच्या प्रत्येक ठोक्यागणिक एक बीप येई, बंद असेल तर एकसलग सूर येई. तपासणीच्या खोलीत, दार लावून, ऐकण्याची सवय असलेल्या माणसाने कान देऊन ऐकायची ती खूण होती. नंतरच्या पिढीच्या यंत्रांमध्ये हाच आवाज रुग्णाला सावध करण्याच्या कामी लावला गेला. ऐकणारा बदलला, ऐकण्याची जागा बदलली. मात्र एवढ्याशा डबीत मावणारा, मांस आणि कातडी ओलांडून बाहेर यायचा, उंच पट्टीचा बारीक सूर तोच राहिला. हे स्थलांतर फार सहज झालं, आणि माझ्या मते सगळी अडचण तिथे आहे.

या इशाऱ्यावर केवढा भार टाकला गेला हे 2007 मध्ये दिसलं. मेडट्रॉनिक कंपनीच्या स्प्रिंट फिडेलिस नावाच्या वायरी आतल्या आत तुटतात असं लक्षात आल्यावर त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांची विक्री थांबली. तोवर जगभर सुमारे 2 लाख 68 हजार वायरी बसवून झाल्या होत्या. तुटकी वायर यंत्राला चुकीचे संकेत देते आणि शुद्धीवर असलेल्या, हृदय नीट चालू असलेल्या माणसाला शॉकवर शॉक बसतात. इतक्या वायरी काढणं अशक्य आणि धोक्याचं, म्हणून यंत्रातलं सॉफ्टवेअर बदलून वायर तुटण्याची चाहूल लागताच दर काही तासांनी आवाज येईल अशी सोय केली गेली. ती सोय उपयोगी ठरली, हे मान्य करायलाच हवं. पण 2009 मध्ये अमेरिकेतल्याच डॉक्टरांनी आयसीडी असलेल्या रुग्णांना हे सूर प्रत्यक्ष ऐकवून पाहिले, आणि ते पुष्कळदा ऐकूच येत नाहीत असा निष्कर्ष प्रसिद्ध केला. आणि हे सूर तर त्यांना मुद्दाम ऐकवलेले होते. 

आता भोसरी. पुणे-नाशिक रस्त्यावरचं हे शेतीचं आणि तालमींचं गाव. 1954 मध्ये शेजारच्या पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला. 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि त्या दशकात आकुर्डीत बजाज, पिंपरीत टेल्को उभे राहिले. 1970 मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी मिळून नगरपालिका झाली, 1982 मध्ये महानगरपालिका. 2011 च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या 17 लाखांवर गेलेली होती. मोठ्या कंपन्यांची नावं सगळ्यांना ठाऊक असतात. भोसरीचं वैशिष्ट्य मात्र त्यांना माल पुरवणाऱ्या छोट्या शेडमध्ये आहे. जे ब्लॉक, एस ब्लॉक, टी ब्लॉक अशा अक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्यांमधून पत्र्याच्या छताखाली पॉवर प्रेस, शिअरिंग, ग्राइंडिंग, फॅब्रिकेशन, फोर्जिंग अशी कामं चालत आली. स्कूटर आणि ट्रकचा सुटा भाग म्हणजे कुणीतरी पत्र्यावर दिलेला एक ठोका, आणि असे ठोके पाळीला हजारोंनी पडायचे. सिमेंटच्या जमिनीवर आणि पत्र्याच्या छताखाली आवाज मुरत नाही, परततो. शेजारच्या शेडचाही आवाज तिथे आपल्याच वाट्याला येतो. मोठ्या कंपनीत निदान सुरक्षा अधिकारी असे, कानात घालायचे इअरप्लग मिळत. त्या कंपनीला माल देणाऱ्या आठ-दहा माणसांच्या शेडमध्ये कानात कापूस घालणारा माणूसच नाजूक ठरे.

ठोक्याने कान जातात हे ज्ञान नवं नाही. इटलीतले वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी 1700 मध्ये कामगारांच्या रोगांवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात व्हेनिसच्या तांबटांचं बहिरेपण नोंदलेलं आहे: दिवसभर तांबं ठोकणारे हे कारागीर हळूहळू ऐकेनासे होतात आणि म्हातारपणी पूर्ण बहिरे होतात. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीने पेशवाईपासून तोच ठोका ऐकला आहे. 1886 मध्ये ग्लासगोच्या टॉमस बार यांनी बॉयलर बनवणारे 100 कामगार तपासले, तेव्हा त्यातल्या एकाचेही कान धड निघाले नाहीत. म्हणजे भोसरीत पहिला प्रेस बसण्याआधी पाऊणशे वर्षं ही गोष्ट मोजून सिद्ध झालेली होती. ज्या कायद्याच्या छत्राखाली ही वसाहत वाढली त्या 1948 च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टातही आवाजाने येणारं बहिरेपण कळवणं बंधनकारक असलेल्या रोगांमध्ये आलं. नियमांनी आठ तासांसाठी 90 डेसिबलची मर्यादा घातली, 95 ला चार तास, 100 ला दोनच तास. मर्यादा आठ तासांच्या हिशोबाने बांधलेली आणि ओव्हरटाइम धरून पाळी बारा तासांची, ही एक गोष्ट. दुसरी, वीज वापरणाऱ्या कारखान्यात किमान 10 कामगार असले तरच तो कायदा लागू व्हायचा आणि महाराष्ट्राने पुढे ही संख्या 20 केली. सगळ्यात गोंगाटाच्या कितीतरी शेड या रेषेच्या खालीच राहिल्या.

अशा बहिरेपणाचा एक गुण आपल्या प्रश्नाच्या मुळाशी आहे. आवाजाने कान एकदम सगळे जात नाहीत. आतल्या कानातल्या संवेदक पेशी मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत, पण पहिला घाव बसतो तो उंच सुरांवर, साधारण 4000 हर्ट्झच्या आसपास. माणसाला समोरच्याचं बोलणं ऐकू येत राहतं, फोन ऐकू येतो, कीर्तन ऐकू येतं, म्हणून आपलं काही गेलं आहे हे त्याला कळत नाही आणि विचारलं तर तो प्रामाणिकपणे कान चांगले असल्याचं सांगतो. वय वाढतं तसे उरलेले उंच सूरही वयोमानाने जातात. आणि यंत्राचा सूर उंच पट्टीतलाच असतो, कारण नाण्याएवढ्या जागेतल्या कंपकातून खर्जातला दमदार आवाज काढता येत नाही. साठ-सत्तर-ऐंशीच्या दशकांत ज्यांनी इथल्या मशीनवर उमेदीची वर्षं काढली ते आज हृदयविकाराच्या वयात आहेत किंवा ते वय ओलांडून गेलेले आहेत. यंत्राचा सूर आणि या पिढीच्या कानांतली तूट कानाच्या त्याच टोकाला येऊन भेटतात. कान आपसूक ऐकतात असं धरून चालणारी ही रचना ज्या माणसांवर सर्वात आधी फसेल, ती माणसं आपण स्वतःच, एका धोरणाखाली, एका जागी गोळा केली.

जे अजून कामावर आहेत त्यांचा प्रश्न वेगळा आणि काही बाबतींत अधिक कठीण आहे. काही बनावटींमध्ये इशारा रोज ठरलेल्या वेळी वाजतो आणि ती वेळ डॉक्टर ठरवून देतात. दुसऱ्या एका बनावटीत बॅटरी संपल्यावर दर 6 तासांनी 16 सूर वाजतात. सकाळी आठची वेळ निवृत्त माणसाला सोयीची आहे. पहिल्या पाळीचा कामगार त्या वेळी मशीनवर असतो आणि रात्रपाळीचा नुकताच झोपलेला. दर आठवड्याला पाळी बदलते, यंत्राची वेळ बदलत नाही. त्याहून गंभीर गोष्ट लोहचुंबकाची. आयसीडीजवळ जोरदार चुंबक आला की तो जवळ असेपर्यंत यंत्र शॉक देणं थांबवतं. ही सोय शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टरांच्या कामाची आहे आणि चुंबक जवळ आल्याची खूण म्हणून काही यंत्रं आवाजही करतात. भोसरीतल्या सरफेस ग्राइंडरला नग पकडून ठेवायला मॅग्नेटिक चक असतो आणि ऑपरेटर त्यावर ओणवा होऊन काम करतो. त्या क्षणी त्याचं संरक्षण थांबलं असेल तर तसं सांगणारा बीप ग्राइंडिंग व्हीलच्या किंचाळीशी स्पर्धा करणार. वेल्डिंगपासून अंतर ठेवा हे रुग्णाला बजावलं जातं, आणि ते योग्यच आहे. पण त्याचं मशीन कोणतं, त्यावर चक कोणता, हे विचारण्याइतकी डॉक्टरांना या धंद्याची ओळख असायला हवी, आणि निदान या पट्ट्यातल्या रुग्णालयांकडून ती अपेक्षा जास्त नाही.

पहिला आक्षेप उघड आहे. आयसीडी लाखांत जातो. भोसरीच्या शेडमधल्या हेल्परला तो परवडणार कुठून, आणि मग या चर्चेला अर्थ काय? अर्थ आहे, कारण महाग यंत्रं नेहमीच पैसेवाल्यांपाशी थांबत नाहीत. कर्मचारी राज्य विमा योजना, म्हणजे ईएसआय, संघटित कामगाराच्या मोठ्या उपचाराचा भार उचलते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेने हृदयाचे अनेक उपचार गरिबांपर्यंत नेले. याहून बोलकं उदाहरण मुंबईचं आहे. अमेरिकेत मृत झालेल्या किंवा यंत्र बदललेल्या रुग्णांचे काढलेले आयसीडी निर्जंतुक करून मुंबईतल्या गरजू रुग्णांना बसवले गेले आणि 81 रुग्णांना बसवलेल्या अशा 106 यंत्रांचा अभ्यास 2012 मध्ये ‘ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. त्या यंत्रांनी शॉक देऊन जीव वाचवल्याची नोंद त्यात आहे. यातल्या डॉक्टरांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. आणि नेमकं इथेच इशाऱ्याचं महत्त्व वाढतं, कारण वापरलेल्या यंत्रात बॅटरी कमी उरलेली असते, म्हणून बॅटरी संपल्याचा सूर अशा माणसाच्या आयुष्यात लवकर आणि पुन्हा पुन्हा यायचा. ज्याच्याकडे पैसा कमी त्याच्या यंत्राला बोलण्याची वेळ जास्त वेळा येते.

दुसरा आक्षेप आपल्या कुटुंबपद्धतीतून येतो: रुग्णाला नाही ऐकू आलं तरी घरातल्यांना येईल. भोसरीत, इंद्रायणीनगरात किंवा लांडेवाडीत एकटं राहणारं माणूस कमी, दोन खोल्यांत चार-पाच जण असणारच. या म्हणण्यात तथ्य आहे. सुनेला किंवा नातवाला हा आवाज आधी ऐकू येणं अगदी शक्य आहे, लहान मुलांचे कान तर अशा सुरांना फारच तीक्ष्ण असतात. पण ऐकू येणं आणि ओळखणं यांत अंतर आहे. ज्या घरात मोबाइल, इन्व्हर्टर, गिझर, वॉशिंग मशीन, दारातली रिव्हर्स घेणारी गाडी असं सगळंच बीप करतं, तिथे एक बारीक सूर बाबांच्या छातीतून आला हे कुणाच्याही मनात येत नाही, जोवर तो सूर त्यांना आधी ऐकवलेला नाही. यंत्र बसवल्यावर दवाखान्यात प्रोग्रॅमरवर, म्हणजे आयसीडी तपासायच्या उपकरणावर, हे आवाज वाजवून दाखवता येतात. त्या वेळी खोलीत कोण असतं हा कळीचा प्रश्न आहे. बहुतेकदा रुग्ण आणि एखादा कर्ता मुलगा. दिवसभर घरी असणारी बाई बाहेर बाकावर पिशवी सांभाळत बसलेली असते. तिला आत बोलावलं पाहिजे.

तिसरा आक्षेप तंत्रज्ञानाच्या बाजूने. आवाज नको तर कंप द्या. सेंट ज्यूड कंपनीच्या यंत्रांत तेच होतं, सूर नाही, थरथर. बहिऱ्या माणसाला ही सोय अधिक बरी, हे मला मान्य आहे. पण ऑक्टोबर 2016 मध्ये याच कंपनीच्या जगभरातल्या जवळपास 4 लाख यंत्रांची बॅटरी अकाली संपू शकते असा इशारा निघाला आणि काहींच्या बाबतीत सूचना मिळाल्यापासून एका दिवसात बॅटरी पूर्ण रिकामी झाली होती. दिवसभर हातात ग्राइंडर किंवा हॅमर धरून अंगात कंप भिनलेल्या माणसाने ती एक थरथर ओळखून त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं, ही अपेक्षा सुराइतकीच तकलादू आहे. शिवाय आवाज निकामी करणारी एक गोष्ट रुग्णालयातच घडते. काही यंत्रांचा बीपर एमआरआयच्या तीव्र चुंबकीय क्षेत्राने कायमचा मंद किंवा बंद होतो आणि उत्पादक तसं आपल्या माहितीपत्रकात लिहितात. कंबरदुखीसाठी एमआरआय झालेल्या कामगाराला आपल्या छातीतला इशारा आता मुका झाला आहे, हे कुणीतरी सांगायला हवं.

उरतो दूरदेखरेखीचा उपाय, आणि खरा भर त्यावरच द्यायला हवा. यंत्राची माहिती घरातल्या छोट्या संचातून किंवा मोबाइलमधून थेट रुग्णालयात पोचते, कानाचा संबंधच उरत नाही. 2015 पासून या विषयातल्या जाणकारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ती पद्धत प्रत्येक रुग्णासाठी नेहमीची मानावी असं म्हटलं आहे. पण तिलाही भोसरीचं वास्तव भेटतं. संच उशापाशी, चालू प्लगला लावलेला असावा लागतो. भाड्याच्या खोलीत उशापाशी प्लग असेलच असं नाही, आणि गावाकडे मराठवाड्यात किंवा खानदेशात महिनाभर गेलेला माणूस तो संच सोबत नेईलच असंही नाही. पलीकडे आलेली सूचना बघायला आणि फोन करायला रुग्णालयात नेमलेला माणूस लागतो. रुग्णाने नंबर बदललेला असेल तर तो फोन जात नाही. म्हणून दूरदेखरेख हवी, पण ती आली म्हणून कानाचा प्रश्न मिटला असं समजू नये.

जे लगेच करता येण्यासारखं आहे ते खर्चाचं नाही. यंत्र बसवण्याआधी रुग्णाची श्रवणचाचणी करावी, विशेषतः ज्याने प्रेस, फोर्जिंग, ग्राइंडिंग, फेटलिंग असल्या कामात वर्षं काढली त्याची. ही चाचणी अर्ध्या तासाची असते. पिंपरीच्या संत तुकारामनगरातलं महापालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, म्हणजे सगळ्यांचं वायसीएम, किंवा चिंचवडचं ईएसआय रुग्णालय, अशा ठिकाणी हृदय आणि कान हे विभाग एकाच आवारात असू शकतात. कागद एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर जायला हवा, एवढंच. तपासणीच्या दर भेटीत रुग्णाला पाठमोरं बसवून सूर ऐकवावा, म्हणजे त्याने डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे न बघता ऐकू आला की हात वर करायचा. ऐकू आला नाही तर तसं केसपेपरवर लिहावं, दूरदेखरेखीच्या यादीत त्याचं नाव वर घ्यावं आणि तपासणीचं अंतर कमी करावं. इशाऱ्याची वेळ ठरवताना पाळी विचारावी. रुग्णाच्या खिशात जे ओळखपत्र असतं त्यावर यंत्राचं नाव आणि नंबर असतोच. त्याच्या मागे मराठीत लिहावं की हे यंत्र बीप करतं की थरथरतं, किती वाजता, एमआरआय झाला आहे का, आणि असा आवाज घरात कुणालाही ऐकू आला तर कोणत्या नंबरला फोन करायचा. आणि त्या श्रवणचाचणीत आवाजाने गेलेले कान सापडले तर ती नोंद केवळ हृदयाच्या फाइलमध्ये ठेवू नये. ती औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे कळवण्याजोगी बाब आहे, कारण त्याच शेडमध्ये त्या माणसाच्या जागी आज वीस वर्षांचा कुणीतरी उभा आहे.